आयझॅकची मेंढरं

त्या दरीत चेर्नोबिलचं नाव सहसा कुणी घेत नाही. 'तो पाऊस' म्हणतात. 'तो पाऊस झाला त्या साली' एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. वास्तविक इंग्लंडच्या या कोपऱ्यात पाऊस पडला नाही असा आठवडा हुडकायला कंदील घेऊन फिरावं लागेल, पण 'तो' पाऊस एकच. मे महिन्याचे पहिले दिवस, मेंढ्या विण्याचा हंगाम, आणि दुपारी असा काही कोसळला की हेस्टर रेल्फ दोन कोकरं काखोटीला मारून, चिंब होऊन घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "विल्फ, आज आभाळ फाटलंय."

फाटलेल्या आभाळातून पाण्याबरोबर आणखी काय गळत होतं ते सरकारनं पुढं जूनमध्ये सांगितलं. तिकडं सोव्हिएत मुलखात अणुभट्टी फुटली होती, तिचा धूर युरोपभर हिंडला आणि खाली उतरायला त्याला नेमका हेस्टरचा डोंगर सापडला. गवतात विष उतरलं, ते मेंढ्यांच्या अंगात गेलं. मेंढ्या विकायच्या नाहीत, कापायच्या नाहीत, असा हुकूम निघाला. "फक्त तीन आठवडे," सरकारी माणूस म्हणाला. बिचारा मनापासून म्हणाला असेल. त्याचे ते तीन आठवडे संपता संपता पाव शतक उलटलं, हेस्टरचे केस पिकले आणि विल्फ गेला.

मधल्या काळात एक रिवाजच पडून गेला. मेंढ्या विकायच्या झाल्या की नायजेल नावाचा माणूस यंत्र घेऊन यायचा. एकेक मेंढी धरून तिच्या पुठ्ठ्याला यंत्र टेकवायचं. आकडा जास्त आला की नायजेल तिच्या डोक्यावर हिरवा रंग फासायचा. हिरव्या डोक्याची मेंढी विकली जायची नाही, आणि तिच्या शेजारी उभी असलेली सुद्धा गिऱ्हाइकाला नकोशी व्हायची. बाजारात लोक हेस्टरच्या कळपाला वळसा घालून जायचे. हेस्टर मुद्दाम हसून नमस्कार करायची. तिला आतून रडू यायचं, पण ते दाखवणं तिच्या रक्तात नव्हतं.

हेस्टरचं घर लो गिल. त्याच्या वर, जिथं रस्ता हात टेकतो, तिथं हाय गिल. तिथं आयझॅक मौन्सी राहायचा. दरीतला सगळ्यात हट्टी माणूस, आणि ही काही लहान पदवी नव्हे. त्याच्या रानात काळी पाणथळ माती, आणि अशी माती विष धरून ठेवते म्हणे. नायजेलचं यंत्र आयझॅकच्या मेंढ्यांना टेकवलं की बोंबच मारायचं. सगळा कळप हिरव्या डोक्याचा.

आयझॅक सहज मोडणारा नव्हता, पण त्याच्यावर हे दुसऱ्यांदा आलं होतं. तरुण होता तेव्हा इथल्याच किनाऱ्यावरच्या अणुभट्टीला आग लागली होती, आणि पुढं कित्येक दिवस दुभत्या गाईंचं दूध विकायला मनाई होती. दरीतल्या प्रत्येक घरानं दूध ओढ्यात ओतलं. हेस्टर तेव्हा परकरी पोर. पुलावर उभी राहून तिनं पांढरा ओढा वाहताना बघितला होता, आणि वरच्या अंगाला कॅन उपडा करणारा आयझॅक बघितला होता. मोठा बाप्या माणूस आणि ढसाढसा रडत होता.

"एकदा दूध ओतलं," तो पावसाच्या पुढच्या साली म्हणाला, "आता मेंढरं ओतायची. तिसऱ्यांदा काय ओतू, पोरंबाळं?" आणि त्यानं कळप विकायला काढला. हिरव्या डोक्यांना बाजार नव्हता; खालच्या स्वच्छ रानात चारून विष उतरवीन म्हणणारा एक व्यापारी तेवढा पडत्या भावात तयार झाला.

विल्फनं परोपरीनं समजावलं. डोंगरावर कुंपण नाही, भिंत नाही. कोकरू आईच्या मागं फिरतं आणि आपलं रान कुठवर ते शिकतं; मोठं झालं की आपल्या कोकराला शिकवतं. हे शेकडो वर्षं चालत आलेलं. एकदा कळप गेला की बाहेरून आणलेली मेंढी त्या रानात टिकत नाही, आठवड्यात पार पलीकडच्या दरीत जाऊन उभी राहते. विल्फ हे आयझॅकला सांगत होता, म्हणजे माशाला पोहणं शिकवत होता. आयझॅकला सगळं ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं विकताना कुणाकडं बघितलं नाही.

शेवटची मेंढरं खाली आणायला सगळी दरी गेली. शेजाऱ्याची मेंढरं उतरवायला जायचंच असतं, भांडण असलं तरी. त्या दिवशी धुकं असं दाट की हेस्टरला स्वतःचा हात दिसेना. आयझॅक तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होता, आणि त्याला त्याचा कुत्रा सापडत नव्हता. तासभर शिव्यांवरूनच कळत होतं तो कुठं आहे ते. संध्याकाळी वाड्यात कळप कोंडून झाला तेव्हा तो म्हणाला, "डोंगर झाडून आणलाय. मौन्सीची एक मेंढी कधी वर राहिली नाही, आजही नाही." दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याच्या ट्रकात कळप घालून दिला आणि तो किनाऱ्यावर लेकीकडं गेला. तिथं त्याला नोकरी मिळाली ती त्याच अणुभट्टीच्या फाटकावर. "शत्रूच्या दारातच बसलं की तो पाठीमागून येत नाही," असं तो म्हणे.

महिनाभरानं धुकं विरलं तेव्हा हेस्टरला कड्याखालच्या गवताळ टप्प्यावर सहा मेंढ्या चरताना दिसल्या. खांद्यावर निळा पट्टा, डाव्या कानाला खाच. आयझॅकच्या.

आता दुसऱ्या कुणी काय केलं असतं ते सांगायला नको. पण या दरीत भटकी मेंढी ज्याची त्याला परत द्यायची असते. नोव्हेंबरात मेंढपाळांचा मेळा भरतो, पबच्या मागं दगडी कोंडवाड्यात सगळी चुकलेली मेंढरं आणतात, मालक येतो, कानाची खाच चाचपतो, 'माझी' म्हणतो आणि घेऊन जातो. विल्फ आणि हेस्टरनं सहाही मेंढ्या मेळ्याला नेल्या. आयझॅक आला नाही. मेंढ्या परत आणल्या, त्यांच्या रानात सोडल्या. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा नेल्या, तोवर त्यांना कोकरं झालेली. आईची खूण ती कोकराची, म्हणून हेस्टरनं त्यांच्या कानाला आयझॅकची खाच पाडली आणि खांद्यावर निळा पट्टा ओढला. नर विकून त्यांचाच चारा आणि औषध भागायचं. असं दर साली. विल्फ गेला त्या साली सुद्धा. पबातले लोक तिला चिडवायचे, "काय हेस्टर, पाहुणे घेऊन आलीस का यंदा?" ती म्हणायची, "पाहुण्यांना घर आहे. घरवालाच चुकलाय."

मग आयझॅकला कुणी सांगितलं का नाही? अहो, कसं सांगणार? 'तुझ्या मेंढ्या वर राहिल्या होत्या' असं म्हाताऱ्या मेंढपाळाला तोंडावर सांगणं म्हणजे त्याच्या शेवटच्या दिवसाला काळं फासणं. बायको पळून गेल्याचं इथं एखादा सांगेल; हे नाही सांगणार. सगळ्या दरीला माहीत होतं, फक्त एका माणसाला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात नायजेल शेवटच्या तपासणीला आला. पहिल्यांदा आला होता तेव्हा डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं होतं. आता चकचकीत टक्कल. या खेपेला सगळ्या मेंढ्या स्वच्छ निघाल्या तर बंदी उठणार होती, नाहीतर पुन्हा पहिले पाढे.

लो गिलच्या तांबड्या खुणेच्या मेंढ्या झाल्या. एकीचंही डोकं हिरवं झालं नाही. हेस्टरच्या मनात आनंद उठला आणि तिनं तो दाबून ठेवला.

"आता ह्या," नायजेलनं निळ्या पट्ट्याच्या कळपाकडं हनुवटी उडवली. सहाच्या चांगल्या वाडाभर झाल्या होत्या. "काळ्या मातीवरच्या. ह्यांनी मला एकही साल रिकामं जाऊ दिलेलं नाही."

"बोलू नकोस. टेकव."

एक झाली, दुसरी झाली. हेस्टर मेंढी धरायची, ढोपरानं दाबायची, यंत्राकडं न बघता नायजेलच्या तोंडाकडं बघायची. शेवटी फाटक्या कानाची म्हातारी राहिली. त्या सहांतल्या एकीच्या नातीची नात, आणि त्यांच्याइतकीच द्वाड. नायजेलनं यंत्र टेकवलं, आकडा बघितला, पुन्हा टेकवलं. मग यंत्र बंद करून खिशात घातलं.

"हेस्टर, हा हिरव्या रंगाचा डबा आता मी कुणाला लावू?"

"पास?"

"सगळ्या. तुझ्या, त्याच्या, सगळ्या. संपलं."

हेस्टर दगडी भिंतीवर बसली आणि रडली. लपवलं नाही, डोळे पुसले नाहीत. विल्फला हे बघायला मिळायला हवं होतं, एवढंच तिच्या मनात आलं. नायजेल शेजारी बसून राहिला आणि त्यानंही दोनदा नाक शिंकरलं. मग ती उठून म्हणाली, "आण तो डबा इकडं." दुसऱ्या दिवशी तिनं परसातल्या संडासाचं दार हिरवंगार रंगवून काढलं. सरकारनं दिलेल्या रंगाचा एवढा चांगला उपयोग पूर्वी कुणी केला नव्हता.

बातमी फिरली आणि ऑक्टोबरात एक जुनी व्हॅन लो गिलच्या अंगणात येऊन थांबली. आतून आयझॅकची नात उतरली, टेसा. आजोबांची ती हनुवटी, आणि हात कामाचे. गेली काही वर्षं ती दुसऱ्यांच्या कळपांवर राबत होती.

"हेस्टरमावशी, मला हाय गिल पाहिजे," तिनं चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत सांगितलं. "जमीनदाराचा कारभारी म्हणतो, रान जाणणारा कळप असेल तर घर आणि रान खंडानं देतो. नाहीतर मेळा झाला की घर सुट्टीच्या पाहुण्यांना. गरम पाण्याचा टब बसवणार आहेत म्हणे गोठ्यात."

"टब?"

"टब. आणि पबात मला कुणीतरी म्हणालं, की तुमच्याकडं आमचा कळप आहे."

"आहे."

"मग द्याल?"

"माझा नाही, तर मी कसा देऊ?"

टेसानं कप खाली ठेवला. "मी त्यांची नात आहे, मावशी."

"अगं, माहीत आहे. पण खूण आयझॅकची. त्यानं मेळ्यात येऊन, कानाला हात लावून 'माझ्या' म्हणायचं. मग त्यानं त्या तुला द्याव्यात, नाहीतर राणीला द्याव्यात."

"ते येणार नाहीत. आणि आले तरी म्हणणार नाहीत. म्हणजे, डोंगर झाडून आणला नव्हता, हे चारचौघांत कबूल करायचं?" टेसाचा आवाज चढला. "इतकी वर्षं सांभाळलीत आणि आता एका शब्दासाठी अडवताय?"

"इतकी वर्षं मी त्या शब्दासाठीच सांभाळली," हेस्टर म्हणाली. "फुकटची मेंढरं तुला कुणीही देईल, पोरी. पण माझी म्हणून दिलेली मेंढी उद्या कुणी म्हणेल हेस्टरनं दान केली. मौन्सींना दान नको. तू त्याला फक्त आण. मेंढे बघायला म्हणून आण."

टेसा गेली. त्या रात्री हेस्टरला वाटून गेलं की आपण जरा जास्तच ताणतोय. पोरीचं घर एका म्हाताऱ्याच्या नाकावर टांगलं होतं, आणि ते नाक हेस्टरच्या चांगल्या ओळखीचं होतं. पण मोडतं घ्यायचं असतं तर तिनं पावसाच्या सालीच कळप विकला असता.

मेळ्याच्या दिवशी, नवल म्हणजे, पाऊस नव्हता. पबच्या अंगणात तांबडा रंग चोळून सजवलेले मेंढे रांगेत उभे होते, आत मटण-बटाट्याचे हंडे शिजत होते, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी बंदी उठल्याची गोष्ट. पावसाच्या वेळी कोण कुठं होतं हे सगळे एकमेकांना पुन्हा सांगत होते, आणि पहिल्यांदाच हसत सांगत होते. कारभारी स्वच्छ बूट घालून कोपऱ्यात उभा होता आणि घड्याळ बघत होता.

व्हॅन आली. टेसानं हात धरून आयझॅकला उतरवलं. पाठीत वाकला होता, पण काठी टेकताना ती जमिनीत रोवावी तशी टेकत होता. मेंढ्यांना नावं ठेवत ठेवत तो कोंडवाड्यापाशी आला आणि थांबला.

आत निळ्या पट्ट्याची मेंढरं दाटीवाटीनं उभी होती.

"ही कुणाची थट्टा?" आयझॅक म्हणाला.

जो तो आपल्या ग्लासात काय आहे ते बघू लागला.

"थट्टा नाही," हेस्टर पुढं झाली. "खूण वाच."

"माझी खूण कुणी घातली?"

"मी. आईची ती लेकराची."

"कुठली आई? माझी एक मेंढी वर राहिली नव्हती."

हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर त्याचा शेवटचा दिवस जातो. हेस्टरनं फक्त कोंडवाड्याचं फाटक उघडलं. आयझॅक काठी टेसाकडं देऊन आत शिरला. फाटक्या कानाची म्हातारी सगळ्यांत पुढं होती. त्यानं तिचा डावा कान बोटांत धरून खाच चाचपली. मग तोंड वर केलं, दात बघितले, पाय बघितले, लोकरीत मनगटापर्यंत हात घातला आणि तो हात तिथंच ठेवला.

"पाय मौन्सींच्या मेंढ्यांचे आहेत," तो हळू म्हणाला. "नायजेलचं यंत्र काय म्हणतं?"

"गप्प बसलं."

"काळ्या मातीवरच्यांना?"

"काळ्या मातीवरच्यांनाच. सगळ्यांना."

मग त्यानं विचारलं, "दूध ओतलं होतं, आठवतं तुला?"

"आठवतं. ओढा पांढरा झाला होता."

"हे नाही ओतलंस."

"नाही."

आयझॅकनं मान वर केली. टेसाकडं बघितलं, कारभाऱ्याच्या स्वच्छ बुटांकडं बघितलं. मग असा आवाज लावला की आत हंड्याशी असलेल्या बायकाही दाराशी आल्या.

"माझ्या आहेत. सगळ्या माझ्या. आणि कान उघडे ठेवून ऐका, कुणी म्हणेल म्हाताऱ्याच्या नजरेतून निसटल्या, तर तसं नाही. मला दिसल्या होत्या त्या, कड्याखाली, सहाच्या सहा. कुत्रा सुटला होता त्यांच्यावर, मी शीळ घालून मागं बोलावला. म्हटलं, राहू देत. डोंगराला कुणीतरी पाहिजे."

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला तो दिवस आठवत होता, ते धुकं आठवत होतं आणि त्या शिव्याही. आयझॅकची नजर सगळ्यांवरून फिरत हेस्टरवर येऊन थांबली. त्या नजरेत जन्मात पहिल्यांदा विनंती होती.

"खरं आहे," हेस्टर म्हणाली. "शीळ मी माझ्या कानांनी ऐकली."

मग जो गलका झाला तो पलीकडच्या दरीत गेला असेल. टोप्या उडाल्या, कुत्री भुंकायला लागली, आणि कुणीतरी आयझॅकच्या हातात पेला दिला, कुणीतरी दुसऱ्या हातात. "मग त्या नावावर घ्या," तो कारभाऱ्यावर खेकसला, "माझ्या नको, हिच्या. आणि तो टब तुमच्या वाड्यात बसवा." कारभारी हसला आणि त्यानं टेसाच्या हातात हात दिला. तिनं हेस्टरच्या खांद्यात तोंड खुपसलं. जिंकलो, विल्फ, हेस्टर मनात म्हणाली. पावसाला हरवलं.

उजेड होता तोवर कळप घेऊन सगळे वर निघाले. टेसा पुढं, हेस्टर मागं, आणि आयझॅक व्हॅनमध्ये काच खाली करून, सगळ्यांना सूचना देत. लो गिलच्या वर वाट फुटते. तिथं टेसानं कुत्र्याला थांबवलं आणि फाटक उघडलं. हेस्टरच्या तांबड्या खुणेच्या चार चुकार मेंढ्या कळपात होत्या, त्या आपसूक डावीकडं वळल्या. निळा पट्टा उजवीकडं. कुणी हाकारलं नाही, कुणी शीळ घातली नाही. फाटक्या कानाची म्हातारी पुढं, बाकीच्या तिच्या मागं, हाय गिलच्या रिकाम्या घरावरून काळ्या मातीच्या रानाकडं चढत गेल्या. शेवटची मेंढी दिसेनाशी होईपर्यंत आयझॅक बघत होता.

"हेस्टर," त्यानं खिडकीतून हाक मारली. "त्या दिवशी धुकं होतं का गं?"

"धुकं?" हेस्टर म्हणाली. "छे. लख्ख ऊन पडलं होतं."